मेंदूतील कॅल्शियम आणि वृद्धांचा विस्मृतिरोग

(ज्ञातिमंडळाच्या कन्नड येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचे लेखी रूप)



या वर्षीच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली आणि विषय मात्र आमच्या मर्जीवर सोपविला. जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत खडू-फळा चालविलेला मनुष्य शिक्षणाविषयीच बोलणार, अशी बहुतेकांची समजूत असणार. परंतु गेली दोन-तीन वर्षे आपल्या वधूवर मेळाव्यांत एक प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो, तो आमच्या कानी आला आहे. स्थळ पसंत असते, पत्रिका जुळलेली असते, बैठकीचा दिवसही ठरत आलेला असतो, आणि मग कोणी तरी आत्याबाई हलकेच म्हणतात, "त्यांच्या घरचे आजोबा भ्रमिष्ट झाले आहेत म्हणे. ते पुढे उतरत तर नाही ना?" तेथून बोलणी थंडावतात. मुलीच्या बापाला कारण कोणी सांगत नाही. ज्या घरी असा वृद्ध आहे, ते घरही मग त्याला पाहुण्यांपुढे आणीनासे होते. माजघरातल्या खोलीचे दार लोटून घेतले जाते. म्हणून या आजाराविषयी, आणि विशेषतः त्याच्या मुळाशी मेंदूत काय घडते याविषयी, आम्ही आज बोलणार आहोत. आम्ही मॅट्रिकपर्यंतच शिकलेले. वैद्यकाचा अधिकार आम्हांस नाही. परंतु समजेल तेवढे वाचावे आणि समजले तेवढे दुसऱ्यास सांगावे, हा शिक्षकाचा धर्म निवृत्तीनंतरही सुटत नाही.

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्या सर्वांच्या तोंडी आहे. आम्ही स्वतः साठी ओलांडली असल्यामुळे तिच्यावर आमचा थोडा राग असणे स्वाभाविक आहे. पण राग बाजूला ठेवूनही ती म्हण खोटी आहे, असेच म्हणावे लागते. वयाबरोबर स्मरण मंदावते हे खरे. जुन्या विद्यार्थ्याचे नाव चटकन ओठांवर येत नाही, सायंकाळी जेवताना ते आपोआप आठवते. याला रोग म्हणत नाहीत. परंतु चाळीस वर्षे किराणा दुकान चालविलेल्या गृहस्थास पन्नासाच्या नोटेतून बत्तीस रुपये वजा करून मोड देता येईनाशी झाली, अथवा बाजारातून घराकडे यायची रोजची गल्ली परकी वाटू लागली, तर तो वयाचा दोष नव्हे. तो आजार आहे. त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात, आणि स्मृतिभ्रंशाचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग.

हे नाव जर्मनीतील डॉ. अलॉइस अल्झायमर यांच्यावरून पडले. १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. तिचे नाव ऑगस्टे. तिच्या आजाराची सुरुवात विसरण्यापेक्षा संशयाने झाली होती. नवऱ्यावर ती नाही नाही ते आळ घेऊ लागली होती. पुढे घरात वस्तू लपविणे, वाट चुकणे, स्वतःचे नाव लिहिता न येणे असे सर्व ओघाने आले. १९०६ साली ती वारल्यावर डॉक्टरांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. पेशींच्या बाहेर कसल्याशा द्रव्याचे किटण साचलेले होते आणि पेशींच्या आत तंतूंचा गुंता झालेला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेन येथे त्यांनी ही हकीकत विद्वानांच्या सभेत मांडली. सभेने तिची फारशी दखल घेतली नाही. १९१० साली त्यांचे ज्येष्ठ सहकारी क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगास अल्झायमरचे नाव दिले, तेव्हा कोठे तो जगाच्या नजरेस आला. ते किटण म्हणजे अमायलॉइड नावाचे प्रथिन आणि तो गुंता म्हणजे टाऊ नावाचे प्रथिन, हे कळावयास आणखी पाऊणशे वर्षे जावी लागली.

आपल्याकडे हा रोग नाही, तो गोऱ्या लोकांचा आहे, असे समजणारेही पुष्कळ आहेत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका पाहणीत ६५ वर्षांवरील शंभर माणसांत अडीचाच्या आतबाहेर लोकांस स्मृतिभ्रंश आढळला होता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीचा अंदाज मात्र ६० वर्षांवरील शंभरांत ७.४, म्हणजे देशभरात सुमारे ८८ लाख, असा निघाला. दोन्ही पाहण्यांची रीत निराळी, तेव्हा त्यांची वजाबाकी करून रोग तिप्पट वाढला असे कोणी म्हणू नये. शिक्षक म्हणून आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीकडे. या नव्या पाहणीत शहरापेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत प्रमाण अधिक दिसले. शाळेचे तोंड न पाहिलेल्यांतही ते अधिक दिसले. ज्या पिढीतील मुलींना चौथीच्या पुढे शिकविले नाही, ती पिढी आज सत्तरी-ऐंशीत आहे. याचा विचार प्रत्येकाने आपापल्या घरी करावा.

आता मुख्य विषयाकडे वळू. कॅल्शियम म्हटले की आपल्याला हाडे आठवतात, दूध आठवते, पानाला लावायचा चुना आठवतो. ज्या खडूने आम्ही जन्म काढला त्यातही हेच द्रव्य. प्रौढ माणसाच्या शरीरात ते सुमारे एक किलो असते आणि त्यातील शंभरात ९९ भाग हाडांत व दातांत असतात. उरलेला एक भाग रक्तात आणि पेशींत. हा एक भाग काय करतो, हे कळण्यास आरंभ झाला तो एका गमतीदार प्रसंगाने.

लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर होते. बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून ते मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग ते करीत. हृदय उत्तम चालले होते. पुढे ध्यानात आले, की ते पाणी ऊर्ध्वपातित शुद्ध पाणी नसून साधे नळाचे पाणी होते. शुद्ध पाणी वापरताच हृदय थोड्याच वेळात थंड पडले. लंडनच्या नळाचे पाणी जड. त्यात कॅल्शियम विरघळलेले होते आणि त्याच्याच बळावर हृदय चालत होते. १८८३ साली रिंगर यांनी हे प्रसिद्ध केले. आपल्या मराठवाड्यातील विहिरींचे पाणीही जड, हंड्याला पांढरे किटण धरणारे. त्या किटणाकडे पाहून आम्हांस हटकून रिंगरसाहेबांची आठवण होते.

तेव्हा कॅल्शियम हे केवळ बांधकामाचे द्रव्य नव्हे, ते निरोप्या आहे. हे काम ते कसे करते? आपल्या जिल्ह्यातील कोणासही समजेल असे उदाहरण घेऊ. पैठणच्या नाथसागरास २७ दरवाजे आहेत. भिंतीच्या एका अंगास अफाट पाणी, दुसऱ्या अंगास नदीचे जवळजवळ कोरडे पात्र. एखादा दरवाजा थोडासा उचलला की खालच्या गावांना तत्काळ कळते, कारण पात्र कोरडे असते. पात्र आधीच दुथडी भरलेले असते, तर दरवाजा उघडल्याचा पत्ताही लागला नसता. चेतापेशीचे अगदी असेच आहे. पेशीच्या बाहेर कॅल्शियमचे प्रमाण आतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट अधिक असते. मधली भिंत म्हणजे पेशीपटल, आणि त्यात प्रथिनांचे बनलेले सूक्ष्म दरवाजे. विजेची लहर येताच दरवाजा क्षणाच्या सहस्रांशापुरता उघडतो, थोडे कॅल्शियम आत झेपावते, आणि पेशीस निरोप मिळतो. मग हे आत आलेले कॅल्शियम उपसून काढावे लागते. त्यासाठी पेशीपटलात पंप बसविलेले असतात. शिवाय पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिका नावाचे साठवणीचे तळे असते, त्यातही ते भरून ठेवले जाते. या पंपांना शक्ती पुरविण्याचे काम तंतुकणिका करतात. पाठ्यपुस्तकात मुलांना आम्ही त्यांची ओळख पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून करून देत असू. प्रसंगी त्या स्वतःही थोडे कॅल्शियम पोटात घेतात, हे आम्हांस निवृत्तीनंतर वाचावयास मिळाले.

माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. एक पेशी दुसरीस चिकटलेली नसते. मध्ये बारीक फट असते. पहिल्या पेशीच्या टोकाशी कॅल्शियम आत शिरते तेव्हाच तेथील रसायनाच्या पुड्या फुटून रसायन फटीत सांडते आणि दुसऱ्या पेशीस संदेश पोहोचतो. बर्नार्ड कात्झ यांनी या व्यवहाराचा उलगडा केला व १९७० साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले. दुसऱ्या पेशीच्या दारावर एनएमडीए नावाचा एक विशेष दरवाजा असतो. तो मोठा चोखंदळ आहे. रसायन आले पाहिजे आणि त्याच वेळी पेशी जागी झालेली असली पाहिजे, असे दोन्ही योग जुळल्याखेरीज तो उघडत नाही. वर्गातही असेच असते. गुरुजी बोलत आहेत आणि मुलाचे लक्षही तेथे आहे, तरच धडा आत शिरतो. या दरवाजातून भरपूर कॅल्शियम एकदम आत आले, तर तो दोन पेशींमधला जोड बळकट होतो. थोडे थोडे रेंगाळत आले, तर तोच जोड सैल पडतो. १९७३ साली ब्लिस आणि लोमो या दोघांनी सशाच्या मेंदूत दाखवून दिले, की जोरदार उत्तेजन दिलेला असा जोड पुढे तासन्‌तास बळकट राहतो. हे त्यांनी पाहिले ते हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात. नवी आठवण प्रथम तेथेच बांधली जाते.

अल्झायमरचा रोग आपला पहिला घाला घालतो तोही याच भागावर आणि त्याच्या शेजारावर. म्हणूनच आपल्यातील नव्वदीचे एक वृद्ध १९४८ सालच्या रझाकारांच्या धामधुमीत घरचे कोणकोण घाट उतरून चाळीसगावकडे गेले, कोणाच्या डोक्यावर कोणते गाठोडे होते, हे सर्व तपशिलाने सांगत. परंतु तासापूर्वी जेवण झाले आहे हे त्यांना पटत नसे. घरची मंडळी म्हणत, "म्हाताऱ्याला नको ते बरे आठवते!" यात म्हाताऱ्याची लबाडी काहीच नव्हती. जुने गाठोडे दुसऱ्या कोठीत बांधून ठेवलेले, नव्याला बांधणारे हातच थकलेले.

१९८० च्या दशकात अमेरिकेतील झावेन खाचाटुरियन यांनी असे मत मांडले, की वार्धक्यात व या रोगात चेतापेशीची कॅल्शियम आवरण्याची शक्ती बिघडते आणि ही बिघडलेली घडीच पुढील नाशाच्या मुळाशी असावी. पुढे त्यास आधार मिळत गेले. अमायलॉइडचे लहान लहान पुंजके पेशीपटलास जणू छिद्रे पाडतात आणि दरवाजांचे वेळापत्रक बिघडवितात, असे प्रयोगांत दिसले. कॅल्शियम येताच चमकणारी रंगद्रव्ये निघाल्यामुळे जिवंत प्राण्याच्या मेंदूत डोकावणे शक्य झाले. २००८ साली हा रोग उत्पन्न केलेल्या उंदरांत किटणाजवळच्या पेशीतंतूंत कॅल्शियम साचलेले आढळले, आणि किटणाजवळच्या काही पेशी थकण्याऐवजी उलट अतिरेकाने चळवळत असल्याचेही दिसले. आतल्या तळ्याचीही तीच गत. १९९५ साली प्रेसेनिलिन नावाच्या जनुकांचा शोध लागला. त्यांत दोष असलेल्या कुळांत हा रोग ऐन चाळिशी-पन्नाशीत येतो, आणि अशा पेशींच्या तळ्यातून कॅल्शियम प्रमाणाबाहेर सुटते असे अनेक प्रयोगशाळांना आढळले. पात्र सदाच भरलेले राहिले म्हणजे दरवाजा उघडल्याचा निरोप निरोप राहत नाही. जोड बळकट व्हायचे ते सैल पडतात. तंतुकणिकांवर भार येतो. पंपांना शक्ती कमी पडते, म्हणून कॅल्शियम आणखी साचते. व्याजावर व्याज चढावे तसा हा प्रकार आहे.

तथापि येथे सावधपणे बोलले पाहिजे. आधी किटण आणि मग कॅल्शियमचा गोंधळ, की आधी गोंधळ आणि मग किटण, याविषयी शास्त्रज्ञांत एकवाक्यता नाही. गोंधळामुळे अमायलॉइड अधिक बनते आणि अमायलॉइडमुळे गोंधळ वाढतो, असे दोन्ही बाजूंचे पुरावे आहेत. चेतापेशीतील कॅल्शियमच्या तळ्यांचा मूलभूत अभ्यास आपल्या देशातही होत आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बेंगळूर येथील केंद्रात गैती हसन यांनी फळमाशीच्या चेतापेशींवर दीर्घकाळ हेच काम केले आहे. त्याच शहरातील भारतीय विज्ञान संस्थेच्या मेंदू संशोधन केंद्राने कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांवरील खेडुतांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे व्रत घेतले आहे. शेतकऱ्याच्या मेंदूची अशी चौकशी होते आहे, हे वाचून आम्हांस विशेष संतोष झाला.

हे सर्व ऐकून कोणी घरी जाऊन सासूबाईंचे दूध बंद करील, अशी आम्हांस भीती वाटते, म्हणून स्पष्ट सांगतो. पोटातले कॅल्शियम आणि चेतापेशीच्या आतले कॅल्शियम यांचा असा सरळ हिशोब नाही. रक्तातील प्रमाण शरीर स्वतःच फार काटेकोरपणे सांभाळते. दूध प्याले म्हणून मेंदू भरत नाही आणि सोडले म्हणून रिता होत नाही. हाडांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्यांना विचारल्यावाचून थांबवू नयेत, आणि 'बुद्धीसाठी' म्हणून आपल्या मनाने सुरूही करू नयेत. मात्र गळ्यातील परावटू ग्रंथींच्या विकारामुळे रक्तातील कॅल्शियम खरोखरीच वाढले, तर माणूस गोंधळतो, विसरतो. तो विकार निराळा आणि बरा होण्यासारखा. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आणि थायरॉइडची मंदी यांचेही तसेच. आपल्यातील अनेक घरे शाकाहारी, म्हणून ब-१२ चा उल्लेख मुद्दाम केला. साध्या रक्ततपासणीने या गोष्टी कळतात. म्हाताऱ्याला भ्रमिष्ट ठरवून देवर्षाकडे नेण्यापूर्वी अथवा खोलीत कोंडण्यापूर्वी ही तपासणी झालीच पाहिजे. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, ज्यास आपण सर्व घाटी म्हणतो, ते आपल्याला परके नाही. येथून सकाळी निघालेला मनुष्य काम उरकून सायंकाळी परत येऊ शकतो. केवळ विचारपूस करावयाची असेल, तर शासनाची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

औषधांविषयी थोडक्यात. एनएमडीए दरवाजातून अवेळी झिरपणारे कॅल्शियम अडविणारे मेमँटिन नावाचे औषध युरोपात २००२ साली व अमेरिकेत २००३ साली मान्य झाले. ते आपल्याकडेही मिळते. डोनेपेझिल नावाचे दुसरे एक औषध त्याही आधीचे. ही औषधे काही काळ आधार देतात, रोग उलटवीत नाहीत. रक्तदाबासाठी वापरली जाणारी, कॅल्शियमचे दरवाजे मंद करणारी काही औषधे या रोगावर लागू पडतील अशी मोठी आशा होती. त्यांपैकी निलवाडिपिनच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाला आणि रुग्णांना सरसकट लाभ दिसला नाही. अमायलॉइडचे किटण धुऊन काढणारे लेकानेमॅब हे औषध २०२३ साली अमेरिकेत पूर्णपणे मान्य झाले. ते आरंभीच्या अवस्थेत रोगाची चाल काहीशी मंद करते, गेलेली आठवण आणून देत नाही, आणि त्याच्या वापरात मेंदूला सूज अथवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्यामुळे वारंवार तपासणी करावी लागते. तेव्हा वर्तमानपत्रातील 'रामबाण' हा शब्द वाचून कोणी शेत गहाण टाकू नये.

आता आत्याबाईंच्या प्रश्नाकडे येऊ. हा रोग पुढे उतरतो काय? प्रेसेनिलिनसारख्या जनुकाच्या दोषाने जो उतरतो, त्याची कुळे सर्व जगात मिळून शंभरात एकही भरत नाहीत, आणि तो लहान वयातच पिढ्यान्‌पिढ्या स्पष्ट दिसतो. ज्या घरी आजोबांना पंचाहत्तरीत विसर पडू लागला, ते घर त्यातले समजण्यास काहीच आधार नाही. १९९३ साली सापडलेल्या एपीओई जनुकाच्या एका प्रकाराने धोका वाढतो हे खरे. परंतु तो प्रकार असूनही पुष्कळांना रोग होत नाही आणि नसूनही पुष्कळांना होतो. मुलगी नाकारण्यास हे कारण काढणे म्हणजे आजोबांना मधुमेह होता म्हणून नात नाकारण्यासारखे आहे, आणि तसा नियम लावू म्हटले तर आपल्या ज्ञातीत एकही लग्न ठरणार नाही. उलट २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने असे नमूद केले आहे, की १४ कारणे आवरता आली तर जगातील स्मृतिभ्रंशाचा जवळजवळ ४५ टक्के भाग टळू अथवा लांबू शकेल. त्यांत बालपणीचे अपुरे शिक्षण, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, डोक्यास झालेली इजा, एकटेपणा, आणि कानांनी ऐकू न येणे व डोळ्यांनी न दिसणे ही आहेत. ऐकू न येणाऱ्या आजीस कानयंत्र आणावयाचे सोडून 'तिला काय ऐकायचे आहे आता' असे म्हणणारी घरे आम्ही पाहिली आहेत. हेल्मेट पिशवीत ठेवून औट्रम घाट उतरणारे तरुण तर रोजच दिसतात.

एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती सुनांविषयी आहे. या रोगात रुग्ण प्रथम संशय घेतो तो ज्या माणसाच्या हातचे खातो त्याच्यावर. पैसे स्वतः उशीखाली ठेवलेले असतात, ठेवल्याची आठवण बांधली जात नाही, आणि मग ते 'चोरले' जातात. एका घरी आम्ही समक्ष पाहिले: सासऱ्यांनी चारचौघांत सुनेवर आळ घेतला, नणंदांनी तो खरा धरला, आणि ज्या बाईने त्यांचे सर्व केले ती माहेरी निघून गेली. तिची समजूत घालावयास पुढे जी मंडळी गेली, त्यांत आम्हीही होतो. ऑगस्टेच्या नवऱ्यावरही असाच आळ आला होता, हे आम्ही तिला सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, की हे नणंदांना कोण सांगणार. आम्ही तिच्याच समोर त्यांना दूरध्वनी लावला.

अशा वृद्धाशी वाद घालून काही साधत नाही. पैसे शोधण्यास त्यांच्याबरोबर लागावे, सापडले की आनंद मानावा. घरातील वस्तूंच्या जागा बदलू नयेत. खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी असावी. शेताच्या व बँकेच्या कागदांवर त्यांची सही कोणी एकट्याने घेऊ नये. सर्व भावंडे समक्ष असताना आणि डॉक्टरांचे मत घेऊनच ते व्यवहार व्हावेत, म्हणजे पुढे भाऊबंदकी उभी राहत नाही. आणि जी व्यक्ती रात्रंदिवस सेवा करते, तिला आठवड्यातून एक दिवस मोकळा मिळेल अशी पाळी लावावी. आमच्या मंडळाच्या महिला शाखेने यासाठी नावे नोंदविण्याचे मनावर घेतले आहे. वही प्रवेशद्वाराशी ठेवली आहे, आणि व्याख्यान सुरू होण्यापूर्वीच तीत ११ नावे आली होती.